उलटा हात

कल्लाप्पाअण्णा कुठल्याही वस्तूला आधी उलटा हात लावत. दाराची कडी असो, माझ्या सायकलचं हँडल असो, नाहीतर चहाचा पेला. हाताची मागची बाजू टेकवायची, क्षणभर थांबायचं, मगच धरायचं. वर्गातली पोरं हसायची. अण्णा म्हणायचे, "सरळ हातानं तार धरली की मूठ मिटती, सर. मिटलेली मूठ दुसऱ्यानं सोडवाय लागती."

गावोगाव विहिरींवर विजेच्या मोटरी येत होत्या ते दिवस. मी बेळगावात एका तंत्रशाळेत संध्याकाळी वायरमनचा वर्ग घेत होतो. वय पंचवीस, डिप्लोमा कोरा करकरीत आणि आवाज मात्र हेडमास्तरांचा. अण्णा पंचेचाळिशीचे. जवळच्या मच्छे गावाहून सायकल मारत यायचे. बघून बघून शिकलेला हा माणूस दहा वर्षं गावातली विजेची कामं करत होता. तो आता पोरांच्या बाकावर कशाला बसतो, ते मला कळेना. विचारलं की एकच उत्तर, "भ्या वाटतंय म्हणून आलोय." मी हसायचो. त्या हसण्याची आज लाज वाटते.

वायरमनच्या सरकारी परीक्षेत पहिल्या खेपेला ते आपटले. पेपर कानडीत नाहीतर इंग्रजीत, आणि अण्णांची शाळा मराठी चौथीपर्यंतची. म्हणाले, "कानडी बोलतो की फाडफाड. खरं कागदावर आलं की ती मला वळखत न्हाय." आणि पुन्हा पहिल्या बाकावर येऊन बसले.

एकदा मी बोर्डाचा फ्यूज काढला आणि ऐटीत म्हणालो, "लाइन बंद आहे. अण्णा, ती तार सोडवा." अण्णांनी नेहमीप्रमाणे उलटा हात नेला आणि तो फाटकन मागे उडाला. फ्यूज मी शेजारच्या बोर्डाचा काढला होता. अण्णांनी जाऊन मेन स्विच पाडला. वर्ग सुटल्यावर मी माफी मागायला गेलो, तर ते पायरीवर हात चोळत बसले होते.

"तुमी चुकलासा, मी वाचलो," ते म्हणाले. "मी चुकलो तवा माझा धाकटा भाऊ गेला."

मग सगळं सांगितलं. भावाच्या विहिरीवर मोटर त्यांनीच बसवली होती. मोटरीत उतरलेली वीज जमिनीत जावी म्हणून शेजारी मीठ-कोळसा घातलेला अर्थिंगचा खड्डा लागतो, तो राहिला होता. "रानात मीठ पुरलं की पीक जळतं, म्हणून गावात कोणच अर्थिंगचा खड्डा काढत न्हवतं. मीबी न्हाय काढला. त्यानं वल्या हातानं मोटर धरली. मूठ मी सोडवली, सर. खरं तवा तो न्हवता." भावजय शांता त्यांना एवढंच म्हणाली होती, "भावजी, शिकून आल्याबिगर त्या मोटरीला हात लावू नका." तेव्हापासून दोन वर्षं ती मिरचीला बादलीनं पाणी घालत होती.

त्या दिवसापासून मलाही भीती वाटू लागली. शिकवताना प्रत्येक फ्यूज मी दोनदा बघू लागलो.

दुसऱ्या खेपेला अण्णा पास झाले आणि त्यांना वायरमनचं परमिट मिळालं. पहिलं काम त्याच विहिरीवरचं. "सर, तुमी या. माझा माझ्यावर इस्वास न्हाय," म्हणाले, म्हणून गेलो. खोल खड्डा काढला होता. पाइप उभा केला, भोवती कोळसा पडला. मिठाची वेळ आली तशी बांधावरची माणसं कुजबुजू लागली. शांता घरात गेली, मिठाची बरणी घेऊन आली आणि आपल्या हातानं खड्ड्यात रिकामी केली.

जोडणी झाली. मी तीनदा तपासली, अण्णांनी किती वेळा ते देव जाणे. मोटर सुरू झाली. अण्णांनी डोळे मिटून उलटा हात टेकवला. काही झालं नाही. मग मी टेकवला.

तेवढ्यात शांता पुढं आली.

"उलटा हात लाव गं, उलटा!" अण्णा ओरडले.

तिनं ऐकलं नाही. सगळा तळवा मोटरीवर सरळ ठेवला आणि त्यांच्याकडं बघितलं.

"शिकून आलासा न्हवं?"

अण्णा मटकन खाली बसले. पाटाला पाणी लागलं होतं. माझा हात मात्र मोटरीवर अजून तसाच, उलटा होता.