काशीऐवजी चाकण

फादरपुढं बसून आपली पापं सांगायची, त्या विधीला आमच्या नगरकडच्या वाडीत सगळे पापनिवेदनच म्हणत. लग्न होऊन मी पिंपरीला आले, कारण नवरा तिथल्या नव्या कारखान्यात लागला होता. जवळपास चर्च नव्हतं. महिन्यातून एकदा फादर पुण्याहून सायकल मारत यायचे आणि आमच्याच खोलीत बसायचे. बायकांचं निवेदन पडद्याआडूनच ऐकायचं असा नियम, म्हणून मध्ये दोरीवर माझं लुगडं टाकलं जाई. फादर परदेशी, मराठी पुस्तकातून शिकलेले. निवेदन हा त्यातला एक भाग, खरं नाव प्रायश्चित्त संस्कार, असं दर खेपेला बजावायचे. मी मान डोलवायची. एवढ्या लांबलचक नावाशी मला काय करायचं होतं?

त्या वर्षी मला दिवस होते आणि डोहाळे आंबटाचे. शेजारच्या मावशी मूळच्या पुनावळ्याच्या, मला लेकीसारखं वागवत. त्या पाण्याला गेल्या असताना मी त्यांच्या फळीवरची लोणच्याची बरणी काढायला गेले आणि ती फुटली. तेवढ्यात मावशी दारात. खिडकीत त्यांची मनी बसली होती. मी म्हणाले, मांजरीनं पाडली. मावशींचे यजमान आधीच मनीवर खार खाऊन होते. त्यांनी तिला पोत्यात घालून चाकणला जाणाऱ्या कांद्याच्या गाडीवर चढवलं. नंतर रोज संध्याकाळी मावशी मनीसाठी ताटातला घासभर भात बाजूला काढायच्या आणि ती नाही हे आठवलं की परत कालवून घ्यायच्या. मला ते बघवेना.

लुगड्याआडून मी सगळं सांगून टाकलं. फादर म्हणाले, तीनदा नमो मरियाची प्रार्थना म्हण, आणि त्या बाईंना जाऊन खरं सांग. नमो मरिया मी एका दमात उरकल्या. दुसरं उद्यावर ढकललं. मावशी तुटल्या तर बाळंतपणाला माझं होतं कोण? तो उद्या आठ दिवस लांबला.

शेवटी गेले. मावशी तांदूळ निवडत होत्या. म्हटलं, "मावशी, बरणी मी फोडली."

"ठावं हाय मला," त्या मान वर न करता म्हणाल्या. "फादरला सांगत व्हतीस तवाच ऐकलं. मधली भिंत कुठं आढ्याला लागलीया?"

मग इतके दिवस बोलल्या का नाहीत, असं मी विचारलं.

"तुजं तू सांगशील म्हून थांबले."

मला रडूच कोसळलं. मावशींनी पदरानं माझं तोंड पुसलं आणि या तुमच्या विधीला म्हणतात तरी काय, असं विचारलं. पहिल्यांदाच मी ते नाव न अडखळता घेतलं. आमच्यात बी प्रायश्चित्त असतंय, त्या म्हणाल्या, पण मांजरीचं पाप लई जड, काशीला सोन्याची मांजर वाहावी लागती. तुला काशी कुठली झेपायची, तू आपली चाकणलाच चल.

दुसऱ्या दिवशी कांद्याच्या गाडीतून आम्ही दोघी गेलो. बाजारभर "मनी, मनी" करत हिंडलो. हमाल हसत होते. मनी काही सापडली नाही.

संध्याकाळी मावशींनी मला जेवायलाच बसवून घेतलं. सवयीनं ताटातला घासभर भात बाजूला काढला, हात जरा थांबला, आणि तो भात त्यांनी माझ्या ताटात वाढला.