बंडी म्हणजे काय, सांगा

ते प्रकरण कागदावर केव्हाच निकाली निघालं. माझ्यापुरतं मात्र ते उघडंच राहिलं, म्हणून निवृत्तीनंतर आज लिहायला बसलो आहे. नाव कुणाचंच देणार नाही.

मी तेव्हा आरमोरीला ठाणेदार होतो. गावात नाटक मंडळ्यांचे कपडे शिवणारं एक मुस्लिम कुटुंब होतं. राजाचा अंगरखा असो की नाटकातल्या पोलिसाचा गणवेश, सगळं त्यांच्याच मशीनवर. शिलाईचं काम बघणाऱ्या बाई चाळिशीच्या होत्या. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीची नाटकं विंगेत उभ्याने ऐकत त्या मोठ्या झाल्या आणि मापं लिहायच्या वह्यांमध्येच त्यांनी एका सिनेमाची अख्खी पटकथा लिहून काढली.

मुंबईहून एक गृहस्थ आले. लेखकांचा मॅनेजर, अशी त्यांनी ओळख सांगितली. लेखकाचं लिखाण निर्मात्यांपर्यंत न्यायचं, बोलणी करायची, करार करून द्यायचा, हा धंदा. एका नाटकवाल्याने त्यांना बाईंकडे पाठवलं. ते ठाण्यातही रीतसर भेटून गेले. दोन-तीनदा चहा झाला. "साहेब, काय आवाज आहे तुमचा! बाईंच्या सिनेमातल्या इन्स्पेक्टरचं काम तुम्हीच करायचं," म्हणाले. मी हसून सोडून दिलं. पण घरी गेल्यावर टोपी घालून आरशासमोर उभा राहिलो, हेही खरं.

चार दिवसांनी बाई एक कागद घेऊन आल्या. चार पानं, सगळी इंग्रजीत.

"साहेब, तुमी शिकलेले हाय. हा कागद पाहून द्या. आन् हा माणूस कसा हाय, सांगा."

मी पहिलं पान वाचलं, उरलेली नुसती उलटली. "माणूस चांगला आहे. बिनधास्त सही करा," म्हणालो.

ही माझी चूक. खात्यात मी ती कधी कुणाला सांगितली नाही.

तिसऱ्या पानावर लिहिलं होतं की मूळ गोष्ट मॅनेजरची असून बाईंनी ती फक्त सांगितल्याप्रमाणे उतरवून घेतली. सही झाली. टायपिंगला देतो म्हणून वह्याही तो घेऊन गेला. नंतर फोन उचलणं बंद. काही महिन्यांनी एका मंडळीच्या मालकाने बाईंना सांगितलं की तुमची गोष्ट तर त्या मुंबईवाल्याच्या नावाने फिरून राह्यली.

बाई तक्रार द्यायला आल्या. त्यांनी आवाज चढवला नाही की मला दोष दिला नाही. "पैसा नाई पाह्यजे साहेब. गोष्टीवर माहं नाव पाह्यजे. माही हाय ते."

मी स्वतः जबाब लिहून घेतला. सही का केली, या प्रश्नाशी आलो आणि पेन थांबलं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "लिवा," म्हणाल्या, "माह्या मनानं केली." मी तसंच लिहिलं.

गुन्हा दाखल झाला, पण हातात काय होतं? सही त्यांची, वह्या गायब. मग खबर आली. आमचे हवालदार चिमूरकडचे, गावातल्या प्रत्येक टपरीवर त्यांची उठबस. टायपिंगवाला त्यांच्याजवळ बोलून गेला, "तो साहेब म्हणे, वह्या जाळून टाक. पण त्यात लोकायची मापं होती, भाऊ. बाईले लागतील म्हणून ठेवल्या." दोन पंच घेऊन आम्ही त्याच्या दुकानात पंचनामा केला. सात वह्या मिळाल्या. एकीकडे छाती-कंबर, दुसरीकडे संवाद. सोबत टाइप केलेली प्रत, त्यावर गृहस्थांच्या हातच्या दुरुस्त्या.

समन्स काढून त्याला बोलावलं. तो निवांत होता. "अक्षर त्यांचंच असणार. मी सांगत गेलो, त्या लिहीत गेल्या. करारात तसं स्पष्ट आहे." बरोबर होतं त्याचं. वह्यांनी अक्षर सिद्ध होत होतं, गोष्ट नाही.

त्या दिवशी मी चौकशी थांबवली आणि सातही वह्या घरी नेऊन वाचल्या. जे सही करण्याआधी करायला हवं होतं, ते तेव्हा केलं. काय लिहिलं होतं त्या बाईंनी! शेवटी बाप लेकीला सासरी पोचवतो. वहीत एवढंच आहे: 'बंडी लेकीच्या दारात ठेवते अन् बाप पायी घरी येते.' मी कोरपन्याकडचा, कापसाच्या बंडीवर बसून वाढलेला. ते वाक्य मला पुढे जाऊ देईना.

मग टाइप केलेली प्रत काढली. दुरुस्ती पाहिली आणि खुर्चीत सरळ बसलो.

दुसऱ्या दिवशी पंचांसमोर त्याला म्हणालो, "गोष्ट तुमची ना? शेवट सांगा."

तो रंगात आला. "बाप अंगातली बंडी काढतो, लेकीच्या उंबऱ्यावर ठेवतो आणि उघड्या अंगाने घरी निघतो. लेकीजवळ बापाच्या घामाचा वास राहावा म्हणून."

हवालदारांनी तोंड फिरवलं. खांदे हलत होते.

"काऊन हसून राह्यले, भाऊ?" मी विचारलं.

"साहेब, इथी बंडी अंगात नाई घालत. बंडीले बैल जुपतेत!"

गृहस्थांना अजून कळेना. मी सांगितलं, "बंडी म्हणजे बैलगाडी. सासरी जमलं नाही तर लेकीला कुणाची वाट न बघता परत येता यावं, म्हणून बाप गाडीबैल तिच्या दारात सोडून पायी येतो. स्वतःच्या गोष्टीचा शेवट तुम्हाला ठाऊक नाही?"

वकिलाला फोन करू का, एवढंच तो म्हणाला. 'उघड्या अंगाने' हे शब्द त्याच्याच अक्षरात प्रतीवर होते. पुढे न्यायालयात त्याने हक्क सोडला आणि पटकथा बाईंच्या नावावर नोंदली गेली.

सगळेच मॅनेजर तसे नसतात, हेही सांगायला हवं. आता बाईंचं काम नागपूरची एक मुलगी बघते. करार मराठीत करते. न कळलेला शब्द आला की आधी बाईंना फोन करते, मगच निर्मात्याकडे पाठवते. सिनेमा अजून झालेला नाही. बाई तिसरी पटकथा लिहीत आहेत.

निवृत्तीच्या दिवशी मी त्यांच्या दुकानात गेलो. "जबाबात माझं नाव का नाही घेतलं?" विचारलं.

त्यांनी मशीन थांबवली नाही. "घेतलं असतं तं तपास तुमच्या हातून काढला असता. ज्याच्या मनात खुटखुट हाय ना साहेब, तो माणूस दुप्पट शोधते. तुमचं तोंड पाह्यलं होतं मी."

नोकरीभर समोरच्याचा चेहरा वाचतो, असा माझा समज होता. जबाब घेतला त्या टेबलावर मात्र वाचला गेलो मी. माणसाविषयी ग्वाही देणं सोपं असतं, कागद वाचायला कष्ट पडतात, आणि सोपं काम मी केलं होतं.

हे लिखाण छापायला देण्याआधी बाईंना वाचायला दिलं. त्यांनी एकच वाक्य खोडलं. मी लिहिलं होतं की त्या माणसाने मलाही फसवलं.

"तुमी नाई फसले, साहेब," त्या म्हणाल्या. "तुमाले हिरो बनायचं होतं."

ते वाक्य मी काढून टाकलं आहे.