आईने प्यायलेला माझा प्रयोग

"फाल्सिपॅरम मलेरिया आहे," डॉक्टर म्हणाले. मलेरियाचा हा प्रकार थेट मेंदूवर जाऊ शकतो, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मलेरियाच्या परजीवींना, म्हणजे रक्तात शिरून तिथेच वाढणाऱ्या जंतूंना, मारणारं द्रव्य झाडपाल्यात सापडतं का, हाच माझ्या पीएचडीचा विषय. आणि वाशीमच्या रुग्णालयात खाटेवर माझीच आई होती.

"ताप कधीपासून?"

"कालपासून," मी म्हटलं.

आई पुटपुटली, "सहा दिवस झाले."

आमच्या गावी, मेडशीच्या घरी, मी प्रयोगासाठी गच्चीवर सागरगोट्याच्या बिया वाळत घातल्या होत्या. आईने त्याच कुटून सकाळ-संध्याकाळ काढा घेतला आणि ताप लपवला.

"मले सांगितलं काहून नाही?"

"तूच तं म्हणे, यानं जंतू मरतात. मंग गोळी कायले?"

म्हटलं होतं खरं, पाहुण्यांसमोर, चांगलं ऐटीत. प्रयोगशाळेत, काचेच्या बशीत मरतात, एवढंच सांगायचं राहिलं. माणसाच्या अंगात काय होतं, ते अजून कुणी तपासलेलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. स्वतःची इतकी चीड मला कधी आली नव्हती.

आर्टेसुनेटची इंजेक्शनं सुरू झाली. डॉक्टर म्हणाले, "हे औषधसुद्धा मुळात एका झुडपातूनच आलं. पण नेमकं द्रव्य वेगळं काढून, मात्रा ठरवून."

दोन दिवस मी बाकावर बसून फक्त रिपोर्टची वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी रक्तातले जंतू बरेच घटले. चौथ्या दिवशी आईने बिनमिठाच्या वरणावरून मला झापलं, आणि मी बाहेर जाऊन पोटभर रडले.

तुमच्या घरात ताप आला, तर आधी रक्त तपासा. गावात आरोग्याचं काम पाहणाऱ्या आशाताईंकडेही मलेरिया तपासणीची पट्टी असते. काढ्याचं नंतर बघा.

घरी आल्यावर मी बिया फेकायला निघाले, तर आईने हात धरला. "फेकतं कायले? एका झुडपात सापडलं, तं दुसऱ्यात बी सापडंन."

परवा शेजारच्या काकू कणकणत आल्या, आईकडे तोच काढा मागायला. आई म्हणाली, "आधी रक्त दाखव बाई. माही पोरगी औषध अजून शोधून राह्यली. सापडलं की पयले तुलेच सांगतो."