शिखरावरच्या अकरा प्रदक्षिणा

आपणा सर्वांचा भार मुकाट्याने वाहणाऱ्या धरित्रीला प्रथम वंदन करून लिहावयास बसलो आहे. निमित्त असे, की आमच्या इंग्लंडातल्या मिल्टन कीन्सच्या मराठी मंडळाची सहल येत्या शनिवारी स्कॉटलंडला निघत आहे, आणि ज्या शिखरावर ती जाणार तेथे माझ्या पायांकडून एक अपराध घडलेला आहे.

वेदपाठशाळेत लागलेली एक सवय अजून सुटलेली नाही. सकाळी पलंगावरून पाय खाली टेकण्यापूर्वी मी पृथ्वीची क्षमा मागतो, की माते, तुला पाय लावतो आहे. येथे पायाखाली कार्पेट असते, तरी मागतो.

तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात नातीने मला त्या शिखरावर नेले. ती इथेच जन्मलेली. उत्तरेच्या थंड, उंच पठारांवर काय उगवते आणि काय नाहीसे होते याची नोंद ठेवणे हे तिचे काम. वर झाड नाही, झुडूप नाही. नुसती खडी, वारा, आणि दगडांमधून पसरलेले करड्या लोकरीसारखे शेवाळे. एका खळग्यात त्या दिवसांतही थोडे बर्फ शिल्लक होते. वाट जेथे संपते तेथे वाटसरूंनी रचलेली दगडांची मोठी रास होती. तिच्या पलीकडे कोणाचे पाऊल उमटलेले दिसत नव्हते. मला ते देवस्थानच वाटले. नात खळग्याकडे मोजणीला गेली, आणि मी बूट काढून, लोकरी मोज्यांनिशी, त्या राशीला अकरा प्रदक्षिणा घातल्या. पाऊल फार मऊ पडत होते.

ती परतली तेव्हा मी हात जोडून उभा होतो.

"आजोबा, हलू नका," ती म्हणाली. "आता जिथे जिथे पाय ठेवलेत ना, तिथेच ठेवत बाहेर या."

"अगं, गवतच तर आहे. एक पाऊस झाला की उठेल."

"गवत नाही ते. एवढं वाढायला त्याला माझ्या वयापेक्षा जास्त वर्षं लागलीयत."

गुडघ्यांवर बसून ती दबलेले शेवाळे बोटांनी उचलू लागली. मग माझा चेहरा पाहून हसली. "पाथवरून नमस्कार केलात तर देव ऑफेंड नाही होणार."

मी ते मनावर घेतले नाही. उलट त्या वर्षीच्या गणेशोत्सवात त्या स्थानाचे वर्णन केले, अगदी रंगून. पुढच्या उन्हाळ्यात ब्रॅकनेलहून, ब्रिस्टलहून गाड्या भरून मंडळी गेली, मुलाबाळांसह. प्रत्येकाने अकरा प्रदक्षिणा घातल्या. मला फोटो पाठवले. मी आशीर्वाद पाठवले.

गेल्या वर्षी नात मला पुन्हा वर घेऊन गेली. राशीभोवती उघड्या खडीचे एक वर्तुळ पडले होते. त्याच्या कडेचे शेवाळे सुटले होते आणि वारा त्याचे तुकडे एकेक करून उचलून नेत होता. खळग्यात बर्फ नव्हते. खालच्या उतारावरचे गवत तेथपर्यंत चढले होते. पूर्वी थंडीच त्याला वर येऊ देत नसे, असे ती म्हणाली.

"हे भरून येईल ना गं?" मी वर्तुळाकडे बोट दाखवून विचारले.

तिने मोजपट्टी गुंडाळली. "माझ्या आयुष्यात नाही, आजोबा. आता कोणी चाललं नाही तरी वारा ते मोठं करत राहणार. बर्फाचं मी एकटी काही करू शकत नाही. पण ह्याचं करता आलं असतं."



यंदाच्या सहलीचे पत्रक आले, तेव्हा मी मंडळाच्या कार्यवाहांना फोन केला.

"गुरुजी, माहात्म्य तुम्हीच सांगितलंत, आणि आता तुम्हीच नको म्हणताय?" ते हसत म्हणाले. "कोचचं बुकिंग झालंय. आणि चार पावलांनी डोंगराला काय होतंय?"

मीही शिखरावर जवळजवळ हेच म्हटले होते.

शास्त्राने एक सोय ठेवलेली आहे. जेथे फिरायला जागा नसेल, तेथे उभ्या जागी स्वतःभोवती फिरावे, तीही प्रदक्षिणाच. स्वयंपाकघरातल्या कपाटात मांडलेल्या देवांपुढे येथे आपण सारे तेच करतो. त्या शिखरावरही जागा नाही, हे मला उशिरा कळले. डोळ्यांना ते अफाट दिसते, एवढेच.

म्हणून शनिवारी मीही येणार आहे. चढ आता झेपत नाही, पण नात हात धरील. वाट संपते तेथे घडीची खुर्ची टाकून बसेन, आणि मंडळी वर आली की वाटेच्या दगडावर उभा राहून पहिली फेरी स्वतःभोवती घेईन. किती जण माझे पाहून तसे करतील, ठाऊक नाही. नातीने यंदाचे वर्तुळ मोजून ठेवले आहे. आकडा तिने सांगितला नाही, आणि मला विचारण्याचे धैर्य झाले नाही.

हे वाचणाऱ्या तुम्हांला आणि तुमच्या घरच्या लहानथोरांना जगन्माता आरोग्य व दीर्घायुष्य देवो. तुम्ही सकाळी जिची क्षमा मागाल, ती भूमी क्षमा करण्याइतकी शाबूत राहो.