भाऊबिजेची खाडी

दत्तूला बस लागते, एवढ्या एका कारणामुळे आम्ही धाराशिवहून कोकणात सायकलवर गेलो. कागदोपत्री आमच्या गावाचं नाव उस्मानाबाद आहे, पण बोलताना कुणी तसं म्हणत नाही. मी तिथल्या कचेरीत कारकून आणि दत्तू तुळजापूरला मास्तर. त्याची थोरली बहीण, आक्का, देवगडच्या अलीकडे एका खाडीपलीकडच्या गावात दिलेली. निजामाचं राज्य गेल्यावर आमच्याकडच्या मराठी शाळांना मास्तर पुरेनात, तेव्हा कोकणातून एक तरुण मास्तर तुळजापुरात आले. त्यांनी आक्काशी लग्न केलं आणि पुढे वडील थकले म्हणून माडांची बाग सांभाळायला ते तिला घेऊन गावी परतले. तेव्हापासून दत्तू भाऊबिजेला बहिणीकडे जायचं म्हणून एस.टी.त बसतो आणि वाटेत कुठेतरी पिवळा पडून उतरतो. एकदा तर तो बार्शीहूनच परत आला होता.

आक्काला दुसरा भाऊ नाही. यंदा दत्तूनं आईला शब्द दिला होता की काहीही झालं तरी भाऊबिजेला आक्काच्या दारात असेन.

सायकलची कल्पना माणिकरावाची. माणिकराव भूम तालुक्यातल्या ईटचा, घरचा शेतकरी, आणि त्याच्याकडे नवी कोरी सायकल होती. ती कुणाला तरी दाखवल्याशिवाय त्याला चैन पडत नव्हतं. "सायकल कुणाला लागत न्हाय," तो दत्तूला म्हणाला. "आन् लागली तरी उतरायला कंडक्टरला इचारावं लागत न्हाय." दिवाळीची सुट्टी लागताच आम्ही निघालो.

घाटापर्यंतचं सगळं सांगत बसत नाही. उसाची गावं, गुऱ्हाळं, पंक्चर आणि माणिकरावाच्या गप्पा, एवढंच होतं. आंबा घाट उतरताना ब्रेक इतके तापले की पाणी टाकल्यावर चर्र वाजलं. दत्तू मात्र घाटातून गाणं म्हणत उतरला. ज्या घाटाच्या नुसत्या नावानं तो पिवळा पडायचा, त्याच घाटात त्याचा आवाज ऐकून मला फार बरं वाटलं.

रत्नागिरीला समुद्र दिसला. आम्ही तिघंही तो जन्मात पहिल्यांदाच पाहत होतो. माणिकरावानं सायकल स्टँडवर लावली, पुढे जाऊन ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकून टाकलं. "एवढं पानी, आन् पिकाला कायबी उपेग न्हाय," तो म्हणाला, आणि त्याला त्याचं खरोखर वाईट वाटलं. संध्याकाळपर्यंत तो तेच बोलत होता.

तिथून किनाऱ्यानं दक्षिणेकडे निघालो. नकाशात हा रस्ता सरळ दिसतो. प्रत्यक्षात जांभ्या दगडाचा चढ, मग माथ्यावर सडा (उघडं, सपाट कातळ), मग उतार आणि उताराच्या शेवटी खाडी. खाडीवर पूल नसतो; असते ती ‘तर’, म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी. होडीत सायकली आडव्या टाकायच्या आणि स्वतः त्यांच्यावर पडायचं नाही एवढं सांभाळायचं. दत्तूला होडी लागेल अशी मला धास्ती होती, पण होडी लागली माणिकरावाला. पहिल्या खाडीत तो डोळे मिटून आई भवानीचं नाव घेत बसला आणि दत्तूनं त्याची पाठ चोळली. मास्तरच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी शाळा सुटतानाही पाहिलेला नाही.

खाणं वेगळंच. जैतापूरच्या बाजूला एका घरी भाकरी मिळते म्हणून हरखून बसलो, तर पुढ्यात आली तांदळाची, पांढरी आणि मऊ. माणिकरावानं ती दोन बोटांत धरून उजेडात पाहिली. "ही भाकरी न्हाय, रुमाल हाय," तो माझ्या कानात म्हणाला, आणि मग असे कितीतरी रुमाल त्यानं खाल्ले. सोबत कुळथाची पिठी होती. ती खाताना मीही हात आखडला नाही.

भाऊबिजेच्या दिवशी सकाळी आम्ही शेवटच्या खाडीवर पोचलो. पलीकडचा चढ चढला की सडा, आणि सडा ओलांडला की आक्काचं गाव. दत्तू गळ्यातल्या पिशवीत आईनं दिलेलं खणाचं कापड सांभाळत होता. झोपतानाही ती पिशवी त्यानं काढली नव्हती. खाडी जवळजवळ कोरडी होती. लांबलचक वाळू आणि पार पलीकडे पाण्याचा चिंचोळा पट्टा. तरीवर माणूस मात्र नव्हता.

काठावर एक म्हातारी काजूच्या झाडाखाली बसली होती. तिला विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "तरवालो बहिणीकडे गेलो हा. आज भाऊबीज न्हय?" (तरवाला बहिणीकडे गेलाय. आज भाऊबीज ना?) मग पुढे म्हणाली, "दुपारी येतलो. घराकडे येवा, पेज खावा." पेज म्हणजे पातळ, गरम भात. सायकली घेऊन तिच्या घरापर्यंत चढायचा कंटाळा आला. माणिकराव म्हणाला, "हितंच नदीत ठिवू. पानी आलंच कुठं?"

मी जरा घुटमळलो, पण त्याचं बोलणं मला पटलं. आमच्याकडे नदीची वाळू एकदा उघडी पडली की ती पावसाळ्यापर्यंत तशीच राहते. लोक तिच्यात बैलगाड्या सोडतात, कलिंगडं लावतात, बाजारसुद्धा भरवतात. "आमच्या मांजरेत आसं पात्र उघडं पडलं तर मिरगापत्तुर काळजी न्हाय," माणिकराव म्हणाला. परका मुलूख म्हणून त्यानं तिन्ही सायकली एकमेकींना साखळीनं बांधल्या, कुलूप घातलं आणि किल्ली करगोट्याला अडकवली. म्हातारी पुढे गेली होती. आम्ही काय करतोय ते तिनं पाहिलं नाही.

पेज खाऊन आम्ही ओसरीवर आडवे झालो. जाग आली ती म्हातारीच्या हाकेनं. "अरे, सायकली खंय ठेवल्यात तुमी? उधाणाचा पाणी चढला!" (सायकली कुठे ठेवल्यात? उधाणाचं पाणी चढलं!)

धावत खाली आलो तर खाडी काठोकाठ भरलेली. अमावास्या नुकतीच झालेली, आणि त्या दिवसांत समुद्र सगळ्यात जास्त आत येतो हे तिथल्या पोराटोरांना ठाऊक असतं. आम्हांला तिघांना मिळूनही ते ठाऊक नव्हतं. सायकलींच्या जागी नुसतं हिरवं पाणी. माणिकराव कपड्यांसकट गळ्यापर्यंत आत गेला. पायाला त्याला हँडल लागलं, पण तीन सायकली एका साखळीत, बुडी मारून कुलूप काढायचं तर त्याला पोहता येईना. विहिरीत पोहणारा मी, मलाही ओढीनं उभं राहू दिलं नाही.

तरवाला आला. होडी पाण्यावर तयार. तो म्हणाला की पाणी उतरल्याशिवाय सायकली निघायच्या नाहीत, आणि त्याला दुपार कलेल.

"दत्तू, तू जा," मी म्हणालो. "चालत जा. आम्ही मागून येतो."

दत्तू होडीकडे पाहत उभा राहिला. मग माणिकरावाकडे पाहिलं. माणिकराव काठावर ओलाचिंब बसून तोंड फिरवून रडत होता. नवी सायकल गेली म्हणून नव्हे. "तुझी भाऊबीज म्याच बुडवली," एवढंच तो पुनःपुन्हा म्हणत होता. दत्तू त्याच्याशेजारी बसला. "ह्याला असा टाकून गेलो तर आक्काच मला दारात घ्यायची न्हाय," तो म्हणाला. मी पुष्कळ समजावलं, चिडलोसुद्धा. तो हलला नाही.

पाणी उतरलं तेव्हा उन्हं तिरपी झाली होती. सायकली वाळूत रुतून तशाच पडलेल्या, चाकांत शेवाळ गुंतलेलं. म्हातारीनं विहिरीच्या गोड्या पाण्यानं त्या धुऊ दिल्या आणि साखळ्यांना खोबरेल दिलं. तरीतून पलीकडे उतरलो आणि तिथला चढ सायकली ढकलतच चढलो. सड्यावर सायकलींवर बसलो तर प्रत्येक पायडलाला आत वाळू दळल्याचा आवाज. सूर्य समोर समुद्रात उतरत होता आणि आम्ही तिघं पायडल मारत होतो.

गावात शिरलो तेव्हा दिवेलागण झाली होती. आक्काचं घर अगदी कडेला. अंगणात ती आमच्याकडे पाठ करून उभी होती, हातात निरांजनाचं तबक. पश्चिमेला पाण्यावर द्वितीयेची बारीक कोर. ज्या बाईचा भाऊ येत नाही ती भाऊबिजेला चंद्राला ओवाळते. आक्का चंद्राला ओवाळत होती.

"आक्का," दत्तू म्हणाला.

तिचा हात थबकला. तिनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं, खारट पाण्यानं पांढुरक्या पडलेल्या कपड्यांकडे पाहिलं, आणि पुन्हा चंद्राकडे तोंड केलं. "थांब जरा," ती म्हणाली. "ह्याचं अर्धं कसं टाकू? इतकी वर्षं हाच वेळेवर येतोय."

दत्तू फाटकाशी सायकल धरून थांबला. तिनं सावकाश ओवाळलं, अक्षता टाकल्या, नमस्कार केला. मग तबक घेऊन वळली, आणि पुढे तिला दिसेना, म्हणून तबक तिच्या नवऱ्यानं, मास्तरांनी धरलं. त्या संध्याकाळी तिनं आम्हां तिघांनाही पाटावर बसवलं. माणिकरावाला दोनदा ओवाळलं, कारण पहिल्या वेळी तो हुंदके देत हलत होता आणि कुंकू नाकावर गेलं.

परतताना कोल्हापुरात उमरग्याकडे निघालेला गुळाचा ट्रक मिळाला. त्यानं आम्हांला नळदुर्गला सोडलं. उघड्या ट्रकमध्ये दत्तूला काही झालं नाही. गावात लोक अजून विचारतात, समुद्र कसा असतो? मी लाटा, होड्या, रुमालासारख्या भाकरी असं रंगवून सांगतो. पण खरं सांगायचं तर त्या सगळ्या मुलखातलं मला सारखं आठवतं ते फाटकाशी आपली पाळी येईपर्यंत मुकाट उभं राहिलेल्या दत्तूचं तोंड.

तुळजापूरला त्याच्या आईला आम्ही सगळं सांगितलं. खाडी ऐकून ती हसली. चंद्राचं ऐकून मात्र तिचे डोळे भरले. आक्कानं हे आजवर कुणाला कळू दिलं नव्हतं. मग पदरानं डोळे पुसून ती माणिकरावाला म्हणाली, "पुढल्या वर्षी ह्याला तुमीच न्या. आन् चंद्र दिसायच्या आत पोचवा."