भिंत गार होती की गरम

जुबेदाआपांचा फोन आला तेव्हा मी बेसिंगस्टोकला, ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये रांगेत उभा होतो. "एस्थर गेली रे," त्या म्हणाल्या. "सकाळचा चहा ओतून ठेवला होता, तो तसाच... उद्या दुपारी दफन. त्यांच्यात थांबत नाहीत. तू ये." मी ट्रे खाली ठेवला. त्या क्षणी मनात पहिलं काय आलं ते सांगायची लाज वाटते, पण हा लेख त्यासाठीच लिहितो आहे. मनात आलं : सुटलो. आता कुणी विचारणार नाही.

एस्थरमावशी अलिबागकडच्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू. घरात मराठी, प्रार्थना हिब्रूत आणि राग आला की वॉर्ड सिस्टरचं कडक इंग्रजी. नर्स म्हणून इथे इंग्लंडात आल्या, आजारी भावाला सांभाळण्यात त्यांची वर्षं गेली, मग गुडघे गेले. लंडनमधल्या इल्फर्डच्या त्यांच्या घरात वरची खोली मला मिळाली तेव्हा मी पुण्याहून नुकताच आलेला, तिशीतला. दाराच्या चौकटीवर तिरकी लावलेली एक छोटी डबी होती, मेझुझा. आत चर्मपत्रावर धर्मग्रंथातल्या ओळी असतात. येताजाता मावशी तिला बोटं लावत आणि ती ओठांना टेकवत. महिन्याभरात माझीही बोटं तिकडे जायला लागली. "तुझा रे काय संबंध?" त्यांनी विचारलं. "सवय लागली, मावशी." "असू दे. तिथे काही व्हिसा लागत नाही."

चौथ्या वर्षी कंपनीनं मला आठवडाभर तेल अवीवला पाठवायचं ठरवलं. हे ऐकून मावशी खुर्चीत बसल्या. जेरुसलेमला जायचं आयुष्यभर त्यांच्या मनात होतं आणि राहून गेलं होतं. शेजारच्या जुबेदाआपा, मूळच्या दापोलीच्या, त्या वेळी स्वयंपाकघरात बोंबील साफ करत बसल्या होत्या. मी आपलं विचारलं, "तीन-तीन धर्मांना एकच गाव पवित्र कसं? कुणाला दुसरी जागा मिळाली नाही का?"

"पुण्याचा ना तू," आपा म्हणाल्या, "तुम्हाला एकाच शहराचं कळतं."

मावशी हसल्या, मग मला शिकवायला लागल्या. "आमचं देऊळ तिथे होतं. मोडलं, पुन्हा बांधलं, पुन्हा मोडलं. उरली ती आवाराची एक भिंत. मग येशू. तो तरी कोण? आमच्यातलाच मुलगा, सणाला त्या देवळात आलेला. तिथेच क्रुसावर गेला, तिथेच पुरला, आणि ख्रिस्ती म्हणतात, तिथेच उठला."

"आणि आमचे पैगंबर एका रात्रीत मक्केहून तिथे गेले, तिथून वर आसमानात," आपा म्हणाल्या. "काब्याकडे वळायच्या आधी नमाजाला तोंड तिकडेच असायचं."

"म्हणजे आधीच्यांचं मानलं म्हणूनच पुढच्यांना ती जागा मोठी," मी म्हणालो.

"आणि मानतात म्हणूनच भांडतात," आपा म्हणाल्या. " नको असलेल्या घरासाठी कोण भांडतं?"

मावशी म्हणाल्या, "आमच्या अलिबागजवळ खडकावर एलियाहू प्रेषिताच्या रथाची खूण आहे. लहानपणी मी तिला हात लावलाय. जागा अशीच होते बघ. कुणीतरी तिथे टेकून जातं, मग मागचे हात लावत राहतात." आणि त्यांनी घडी घालून घालून नखाएवढी केलेली एक चिठ्ठी माझ्या हातात दिली. भिंतीच्या फटीत ठेवायची. वाचायची नाही.

शेवटची दुपार मला मोकळी होती. जेरुसलेमला बस जात होती, तासाभराचा रस्ता. ऑगस्टचं ऊन होतं. कुणी अडवलं नव्हतं, काम निघालं नव्हतं. एका चिठ्ठीसाठी एवढं कुठे जा, असं म्हणून मी हॉटेलच्या एसीत झोपलो. स्वतःच्या विवेकवादाचा मला तेव्हा फार अभिमान होता. खरं तर तो आळस होता. विमानतळावर एक पोस्टकार्ड घेतलं. त्यात भिंत होती आणि वर सोनेरी घुमट.

मावशींनी ते फ्रिजवर लावलं. चहा ओतताना म्हणाल्या, "भिंतीला हात लावलास?"

"हो."

"गार होती की गरम?"

"गार," मी म्हणालो. "दगडाची ना."

किटली जराशी थांबली. "दुपारी गेला होतास ना?"

"हो."

"बरं."

रविवारी त्यांनी मलिदा केला. भिजवलेले गोड पोहे, ओलं खोबरं, वेलची, भोवती फळं. मागणं पुरं झालं की एलियाहूच्या नावानं हा करतात. आपा आल्या, "आमचा मलिदा चपातीचा, तुझ्यापेक्षा चांगला," असं म्हणत त्यांनी दोनदा घेऊन खाल्ला. मीही खाल्ला. तो घास... तो अजून खाली उतरलेला नाही. दोन महिन्यांत मी बेसिंगस्टोकची नोकरी धरली. सगळ्यांना वाटलं, बढतीसाठी. मग वर्षातून एखादी भेट, दर वेळी फ्रिजवर ते पोस्टकार्ड. मावशींनी पुन्हा कधीच काही विचारलं नाही.

दफनाला आम्ही पाळीपाळीनं फावड्यानं माती लोटली. चिठ्ठी कोटाच्या आतल्या खिशात होती. हात दोनदा तिकडे गेला, पण ती बाहेर काढली नाही.

परवा घर रिकामं करायला आपांना मदत म्हणून गेलो. पोस्टकार्ड माझ्यापुढे धरून त्या म्हणाल्या, "हे तू ने." मग मी त्यांना सगळं सांगितलं. पहिल्यांदाच कुणाला तरी. आपांनी कार्ड खाली ठेवलं. "तो मलिदा चिठ्ठीचा नव्हता रे," त्या म्हणाल्या. "तू नीट परत आलास म्हणून केला होता. मला म्हणाली होती. चिठ्ठीचं ती काही बोललीच नाही."

मावशींना कळलं होतं का? मला वाटतं, हो. त्यामुळे माझं हलकं झालं नाही, उलट जड झालं.

निघताना दारात हात आपोआप वर गेला. मेझुझा नव्हता, मावशींच्या भाच्यानं काढून नेला होता. लाकडावर तिरका फिकट पट्टा आणि स्क्रूची दोन भोकं. चिठ्ठी त्यात सहज बसली असती. पण मग ते माझं दुसरं खोटं झालं असतं. ती जिथे जायची तिथेच जाईल, मी घेऊन जाईन. बोटं मात्र मी त्या रिकाम्या जागेवर ठेवली. चौकटीवर दुपारभर ऊन होतं.

गरम होती, मावशी.