कोरडा सांधा

काशिनाथ बोरकुटे भोपाळच्या एका संशोधन संस्थेत एकतीस वर्षं तंत्रज्ञ होते. चौऱ्याऐंशीच्या गॅसकांडात त्यांची आई गेली. तेव्हापासून नळीचा सांधा कितीही घट्ट असो, गळतीच्या धास्तीने वरून ग्रीस फासल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. लोक हसायचे. हसोत बापडे!

दोन वर्षांपासून ते डॉ. स्वरदाच्या प्रयोगावर होते. उत्प्रेरक भरलेल्या काचेच्या नळीत कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन सोडायचा. वरून प्रखर दिवा, खालून उष्णता. दोन्ही मिळून त्या टाकाऊ वायूचं मिथेन, म्हणजे इंधन करायचं. मिथेन भरपूर निघत होतं. प्रयोग चालू ठेवायचा की गुंडाळायचा, हे ठरवायला आज चार वाजता समिती येणार होती.

दुपारी नळी पुसताना काशिनाथ थबकले. सांध्यावरचं ग्रीस करपून काळं पडलं होतं. तिथे ग्रीस नको, असं मॅडमनी बजावलं होतं, तरी ते पहिल्या दिवसापासून चोरून लावत आले होते. तापलेल्या ग्रीसमधूनही मिथेन निघतं. मग दोन वर्षं मोजलं ते कशाचं?

गप्प बसले असते तर कुणाला कळलंही नसतं. त्यांनी जाऊन सांगितलं.

"काका, आत्ता सांगताय?" स्वरदाचा चेहरा पांढराफटक पडला.

तिने कार्बन डायऑक्साइड बंद करून त्याऐवजी आरगॉन हा निष्क्रिय वायू सोडला. आता मिथेन आलं, तर ते ग्रीसचंच. दोघं मिथेन मोजणाऱ्या यंत्राच्या पडद्याकडे बघत बसले. वीस मिनिटांनी रेघ उठली.

स्वरदा रडली नाही. तशीच भरलेली नवी नळी आणि पाना तिने काशिनाथांपुढे ठेवला. "ग्रीस नाही, काका. बिलकुल नाही."

त्यांनी कोरडा सांधा कसला, हायड्रोजन सोडला आणि ते गळती सांगणाऱ्या यंत्रावर नजर खिळवून उभे राहिले. यंत्र गप्प राहिलं. मग कार्बन डायऑक्साइड सोडला. साडेतीनला रेघ उठली, पण आधीच्या निम्मीच.

"निम्मी तर निम्मी," स्वरदा म्हणाली. "पण आपली आहे."

चार वाजता नवा आकडा पाहून समितीच्या अध्यक्षांनी जुना अहवाल चाळला आणि विचारलं, "यहाँ तो दुगना लिखा है?"

स्वरदा तोंड उघडणार, तोच मागच्या भिंतीपाशी उभे असलेले काशिनाथ पुढे आले.

"साब, बाकी आधा मेरे ग्रीस का था. मॅडम को पता नहीं था."